दफनभूमी आणि स्थानिक इतिहास : हसनाबाद परिसरातील काही स्थळांचा विचार

स्थानिक इतिहासाचा अभ्यासक बहुधा दफ्तरापासून आरंभ करतो. देशमुख-देशपांड्यांची वतनपत्रे, इनामांच्या सनदा, महसुलाचे ताळेबंद ही त्याची नेहमीची साधने होत. परंतु मराठवाड्यातील पुष्कळशा गावांविषयी अशी कागदपत्रे गावात राहिलेली नाहीत. जी आहेत ती फारसी व मोडी लिपीत, आणि तीही दूरच्या दफ्तरखान्यांत विखुरलेली. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे अशा गावांपैकीच एक होय. नावातील 'आबाद' हे पद मुसलमानी अमलातील वसाहतीचे द्योतक आहे. शेजारचे राजूर मात्र गणपतीच्या जुन्या स्थानामुळे प्रसिद्ध आहे. आणि उत्तरेस असलेले भोकरदन म्हणजे सांची व भारहूत येथील कोरीव लेखांतून उल्लेखिलेले प्राचीन भोगवर्धन. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी तेथे केलेल्या उत्खननामुळे या प्रदेशाचा सातवाहनकालीन व्यापार प्रकाशात आला. तथापि भोगवर्धनाचा काळ आणि आजचा काळ यांच्या दरम्यान जी शतके गेली, त्यांतील माणसांचा माग काढावयाचा झाल्यास अभ्यासकाला एका निराळ्या दफ्तराकडे वळावे लागते. ते दफ्तर उघड्यावर आहे. ते वाचण्यास पायपीट करावी लागते, परवान्याची गरज क्वचितच पडते, आणि त्याची पाने दर पावसाळ्यात थोडथोडी पुसली जातात. हे दफ्तर म्हणजे जुन्या दफनभूमी.

हसनाबादहून निघालेल्या विद्यार्थ्याला चार ठिकाणे जवळ पडतात. पश्चिमेस फुलंब्रीच्या पलीकडे खुल्दाबाद, ईशान्येस आसईचे रणक्षेत्र, त्याही पलीकडे डोंगराच्या कडेवर अजिंठा गाव, आणि आग्नेयेस जालना. वाटाड्या न घेता, हाती केवळ नकाशा व वही घेऊन, ही चारही ठिकाणे चार दिवसांत पाहून होतात. पाहण्यापूर्वी मात्र एक प्रश्न मनाशी स्पष्ट असावा. या भूमीत ज्यांच्या नावाचा दगड उभा आहे त्यांना तो का मिळाला, आणि इतरांना का मिळाला नाही? हा प्रश्न न विचारता फिरणारा मनुष्य थडगी पाहून येतो. इतिहास पाहून येत नाही.

स्वतःच्या पायांनी फिरून कबरी वाचण्याची कल्पना या प्रदेशास नवी नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. सूफी परंपरेत संतांच्या कबरींची 'जियारत' करणे हे पुण्यकृत्य मानले गेले आणि त्यासाठी कोणाची मजार कोठे आहे, तो कोणाचा शिष्य होता, त्याचा उरूस केव्हा भरतो, याची माहिती देणारे ग्रंथ लिहिले गेले. गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४-१७८६) या विद्वानाने खुल्दाबादच्या संतांवर लिहिलेला 'रौजतुल औलिया' हा फारसी ग्रंथ त्याच जातीचा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेले हे पुस्तक म्हणजे एका अर्थी खुल्दाबादच्या दफनभूमीचे पहिले मार्गदर्शकच होय. ग्रंथकर्ता स्वतः पुढे त्याच भूमीत विसावला. फवाइदुल फुआद या संवादसंग्रहाचा कर्ता कवी अमीर हसन सिजझी याची कबरही तेथेच आहे. हिंदूंच्या बाजूने पाहता, आळंदी, पैठण, सज्जनगड इत्यादी ठिकाणच्या समाधींचे दर्शन हीच गोष्ट वेगळ्या भाषेत करीत आले आहे. फरक इतकाच की भाविकाला समाधीत कोण आहे हे आधीच ठाऊक असते, आणि अभ्यासकाला ते दगडावरून ठरवावे लागते.

खुल्दाबाद हे या चारही स्थळांत सर्वांत संपन्न असल्यामुळे तेथे अधिक वेळ द्यावा. या गावाचे जुने नाव रौजा. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुहम्मद तुघलकाने दिल्लीची वस्ती दौलताबादेस आणली, तेव्हा निजामुद्दीन औलियांच्या शिष्यपरिवारातील अनेक सूफी या बाजूस आले. त्यांतील बुऱ्हानुद्दीन गरीब हे १३३७ मध्ये वारले व येथे दफन झाले. त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी यांचा मृत्यू १३६९ मधला. या दोन दर्ग्यांभोवती पुढील चारशे वर्षे सत्ताधाऱ्यांच्या कबरी गोळा होत गेल्या. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठच्या आपल्या नगरास बुऱ्हानपूर हे नाव दिले ते याच बुऱ्हानुद्दीनांच्या स्मरणार्थ. आणि त्याच बुऱ्हानपुराजवळ १७४८ मध्ये मरण पावलेला पहिला आसफजाह निजामुल्मुल्क पुरण्यासाठी आणला गेला तो खुल्दाबादेस, बुऱ्हानुद्दीनांच्या पायाशी. मृत्यूचे स्थळ आणि दफनाचे स्थळ यांतील हे अंतर म्हणजे एक राजकीय विधान असते. हैदराबादच्या नव्या घराण्याने आपली मुळे दख्खनच्या संतभूमीत रोवली, असे त्यातून वाचता येते.

औरंगजेबाच्या बाबतीत हेच अधिक ठळक दिसते. तो अहमदनगरजवळ ३ मार्च १७०७ रोजी वारला आणि जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात त्याचे दफन झाले. त्याच्या 'खुल्दमकान' या मरणोत्तर पदवीवरूनच रौजा गावास खुल्दाबाद हे नाव पडले. कबर वरून उघडी आहे. भोवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकात निजामी राजवटीत बसविली गेली. टोप्या शिवून मिळविलेल्या पैशांतूनच दफनाचा खर्च करावा, असे त्याने सांगितल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. त्याच्या पित्याची कबर ताजमहालात असावी आणि पुत्राची अशी उघड्या आकाशाखाली, यातील विरोध कोणाच्याही ध्यानी येतो. परंतु अभ्यासकाने त्याहून पुढे जाऊन पाहावे की, साधेपणा हाही एक कोरलेला मजकूरच असतो. बादशहाने ज्या धर्मनिष्ठेचा आयुष्यभर आग्रह धरला तिचे अखेरचे प्रदर्शन म्हणजे ही बिनछपराची कबर होय. मार्च २०२५ मध्ये ही कबर हटविण्याची मागणी महाराष्ट्रात जोराने पुढे आली व तिचे पडसाद खुल्दाबादेच्या बंदोबस्तात उमटले. कबरीतील व्यक्तीविषयी मराठी मनात असलेल्या भावनेची कारणे इतिहासात पुरेशी स्पष्ट आहेत. पण पुरावा म्हणून त्या दगडाचे मूल्य त्या व्यक्तीच्या गुणदोषांवर अवलंबून नाही. सत्तावीस वर्षांच्या दख्खन मोहिमेचा शेवट कोठे व कसा झाला, हे ती जागा जितक्या थोडक्यात सांगते तितके दुसरे साधन सांगत नाही.

त्याच परिसरात गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन, म्हणजे तानाशहा, पुरलेला आहे. त्याच्या घराण्यातील पूर्वजांच्या भव्य घुमटांची रांग गोवळकोंड्याच्या पायथ्याशी उभी आहे. तो मात्र १६८७ मध्ये राज्य गमावल्यावर दौलताबादेच्या किल्ल्यात कैदेत राहिला आणि कैदेतच मेला. म्हणून त्याची कबर पूर्वजांपासून तुटून इकडे पडली. आणि मलिक अंबर: हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला, निजामशाहीचा कारभारी झालेला, पुढे औरंगाबाद या नावाने ओळखल्या गेलेल्या खडकी शहराचा संस्थापक. तो १६२६ मध्ये वारला. त्याने हयातीत उभारलेल्या घुमटाजवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचीही कबर आहे. बादशहाची उघडी कबर आणि एकेकाळच्या गुलामाचा घुमट हे एकाच टेकडीवर पाहिल्यानंतर, दगडाच्या थाटावरून माणसाचा दर्जा ठरवू नये हा धडा विद्यार्थ्यास निराळा शिकवावा लागत नाही.

येथेच कबरी वाचण्याच्या रीतीविषयी थोडे सांगणे सोयीचे होईल. मुसलमानी कबर या देशात उत्तर-दक्षिण असते, कारण मृताचे मुख पश्चिमेस किबल्याकडे वळविलेले असते. ख्रिस्ती थडगे परंपरेने पूर्व-पश्चिम घालतात. त्यामुळे लेख नसला तरी केवळ होकायंत्रावरून पुष्कळ उलगडा होतो. कबरीवरील तावीजाच्या माथ्यावर कलमदानासारखा उंचवटा असल्यास ती पुरुषाची व सपाट तख्ती असल्यास स्त्रीची, असा संकेत अनेक ठिकाणी आढळतो. मात्र तो सर्वत्र पाळला गेलाच आहे असे धरून चालू नये. लेख फारसी किंवा अरबी असल्यास मृत्यूचा सन पुष्कळदा आकड्यांत न देता, अब्जद पद्धतीने, अक्षरांच्या मूल्यांची बेरीज करून काढावयाचा असतो. हिजरी सनाचे ख्रिस्ती सनात रूपांतर करताना नवशिका हमखास चुकतो. हिजरी सनाला ३३ ने भागून येणारा भागाकार त्यातूनच वजा करावा व बाकीत ६२२ मिळवावे, ही रीत साधारणपणे ठीक आहे. परंतु तिने हिजरी वर्ष कोठे लागते इतकेच कळते. औरंगजेबाचा मृत्यू हिजरी १११८ मधील. वरील रीतीने १७०६ येते. तथापि मृत्यूचा महिना जिल्काद, म्हणजे हिजरी वर्षाचा अकरावा. म्हणून तो दिवस १७०७ च्या मार्चमध्ये पडतो. निजामी दफ्तरात फसली सन चाले. त्यात ५९० मिळविले असता ते फसली वर्ष ज्या ख्रिस्ती सनात सुरू होते तो सन मिळतो. शके लिहिलेले असल्यास ७८ मिळवावेत. इतकी तयारी असलेला विद्यार्थी दगडावरील सन आणि दफ्तरातील सन यांची सांगड घालू शकतो. ती घातल्यावाचून थडग्यावरील नाव हे केवळ नावच राहते.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रातील बहुसंख्य लोक आपल्या मृतांना अग्नी देतात. मसणवट्यात राख राहते, आणि तीही तिसऱ्या दिवशी नदीत जाते. दफन करणारे हिंदू समाजही आहेत. लिंगायतांची रुद्रभूमी, गोसावी-नाथपंथीयांच्या समाध्या, महानुभावांची निक्षेपाची रीत ही उदाहरणे परिचित आहेत. लहान मुलांना तर बहुतेक सर्वच जाती पुरतात. परंतु या दफनांवर कोरीव लेख क्वचित असतो. मध्ययुगीन मराठी मृत्यूचे खरे शिल्पित स्मारक म्हणजे वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे सोडविण्याचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात. गावाच्या वेशीपाशी किंवा मारुतीच्या पाराजवळ या शिळा उभ्या असतात, कित्येकदा शेंदूर फासून देव झालेल्या असतात. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या संग्रहाने मराठी शिलालेखांचे मोल सिद्ध केले. पण वीरगळांपैकी बहुतेकांवर अक्षर नसल्याने ते अशा संग्रहांत येऊच शकत नाहीत. त्यावर वीर आहे, घोडा आहे, गाय आहे, नाव नाही. गावाने तो ओळखला होता, म्हणून नाव कोरण्याची गरज वाटली नसावी. ओळखणारी पिढी संपली आणि वीर अनाम झाला.

या दोन बाजू मनात ठेवून आसईस जावे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी बदनापूर येथे मेजर जनरल आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली आणि दोन फौजांनी दोन वाटांनी उत्तरेस जाऊन २४ तारखेस शिंदे-भोसल्यांवर एकत्र हल्ला करावा असे ठरले. वेलस्ली पूर्वेच्या वाटेने, स्टीव्हन्सन पश्चिमेच्या. हसनाबादच्या आसपासचा मुलूख त्या दोन दिवसांत अशा रीतीने दोन सैन्यांच्या हालचालींत सापडला होता. २३ तारखेस वेलस्लीस मराठी फौज अपेक्षेपेक्षा जवळ, केळना व जुई या नद्यांच्या दुआबात आढळली, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने हल्ला केला. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत होते. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसत होती. इतक्या जवळच्या गावांना ये-जा करण्यास वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला व तो खरा ठरला. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने त्याच्या राजकारणाविषयी काहीही मत ठेवावे. भूमी वाचण्याची ही पद्धत मात्र शिकून घ्यावी.

लढाई चालली तो काळ दुपारपासून संध्याकाळपर्यंतचा. इंग्रजांच्या बाजूस ४२८ मृत, १,१३८ जखमी व १८ बेपत्ता अशी नोंद झाली. म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्या फौजेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग. ७४ व्या हायलँडर पलटणीचे १० अधिकारी ठार व ७ जखमी झाले. घोडदळाचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल मॅक्सवेल हाही पडला. मराठ्यांकडील सुमारे १,२०० प्रेते रणांगणावर असल्याचे वेलस्लीने कळविले. त्यांच्या सुमारे ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या, आणि त्या तोफांवरचे गोलंदाज बहुतांशी जागीच मारले गेले. एका दुपारी, दोन लहान नद्यांमधल्या शेतांत, दीड हजारांहून अधिक माणसे मेली. या संपूर्ण जिल्ह्यात एका दिवशी इतके मृत्यू झालेली दुसरी भूमी दाखविणे कठीण आहे.

तेथे गेलेल्या विद्यार्थ्यास आसपास दिसतात ती कपाशीची व मक्याची शेते. मृतांच्या संख्येच्या मानाने स्मृतिशिळा नाहीतच म्हटले तरी चालेल. याची कारणे शोधू लागले की लढाईचे एक वेगळेच स्वरूप दिसू लागते. त्या दिवशी पडलेल्यांपैकी स्थानिक माणसे थोडी होती. कंपनीच्या बाजूने स्कॉटलंडमधले हायलँडर व मद्रास इलाख्यातील तेलुगू-तमिळ भाषी व मुसलमान शिपाई. शिंद्यांच्या बाजूने पोलमन या हॅनोव्हरी अधिकाऱ्याच्या हाताखालील कवायती पलटणी, ज्यांतील शिपाई मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातून, अंतर्वेदीतून व अवधातून भरलेले. शिवाय बेगम समरूच्या पलटणी. यांच्या घरची माणसे शेकडो कोसांवर. ओळखणारे कोणी जवळ नव्हते, म्हणून वीरगळ नाही. हुकूम देणारे दोघेही सरदार, दौलतराव शिंदे व दुसरे रघूजी भोसले, रणांगण सोडून गेलेले, म्हणून समाधी नाही. आणि जेत्याला जखमींना हलविण्याचीच चिंता पडली होती. त्यांच्यासाठी अजिंठा येथे इस्पितळ उघडावे लागले. कंपनीने आपल्या सैन्याचा गौरव केला तो निशाणांच्या रूपाने: दोन हायलँडर पलटणींना व १९ व्या ड्रगून रिसाल्यास सन्मानाची निशाणे दिली गेली आणि 'आसई' हे नाव पलटणींच्या निशाणांवर व बिल्ल्यांवर चढले. गावाचे नाव अशा रीतीने जगभर फिरले. मेलेल्यांची नावे मात्र गावात राहिली नाहीत. लष्करी अहवालांतही हाच भेद दिसतो. अधिकारी नावानिशी, शिपाई आकड्याने. हा भेद गोऱ्या शिपायालाही लागू होता, हे विसरू नये.

हे असेच घडावयास हवे होते असे मात्र नाही. याचा पुरावा पुणे जिल्ह्यातील भीमा-कोरेगाव येथे आहे, आणि तुलनेसाठी तो येथे आणणे अवश्य आहे. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईत कंपनीची हानी आसईच्या मानाने पुष्कळच कमी. तरीही १८२१ मध्ये तेथे स्तंभाची पायाभरणी झाली व त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. त्यांतील २२ नावांच्या अखेरीस 'नाक' हा प्रत्यय आहे, आणि त्यावरून ती महार शिपायांची नावे असल्याचे ओळखता येते. १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली, तेव्हा या समाजाच्या पुढाऱ्यांना आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा निर्विवाद दाखला दगडावरच मिळाला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभास भेट देण्यास गेले, आणि त्यानंतर त्या जागेला जे सामाजिक महत्त्व आले ते सर्वांना ठाऊक आहे. कंपनीने स्तंभ उभारला तो आपल्या विजयाची द्वाही म्हणून. एका प्रत्ययामुळे तो दुसऱ्याच इतिहासाचे साधन ठरला. आसईच्या मद्रासी शिपायांना असा स्तंभ मिळाला नाही, म्हणून त्यांच्या नातवंडांना दाखविण्यास काही उरले नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या अंतराने त्याच कंपनीच्या दोन लढायांतील हा फरक स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने लढायांच्या निकालाहूनही अधिक विचारणीय आहे.

आसईहून उत्तरेस अजिंठा गावी गेल्यावर नेमका उलटा प्रकार आढळतो. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल (१८०४-१८७९) या चित्रकार अधिकाऱ्यास अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमण्यात आले. त्याने वर्षानुवर्षे येथे राहून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाली. गिल भुसावळजवळ वारला आणि त्याचे थडगे भुसावळात आहे. अजिंठा गावात मात्र एक लहानसे थडगे आहे, ते त्याच्या सहवासातील पारो हिचे. त्यावरील इंग्रजी लेखात तिचे नाव, तिच्याविषयीचा जिव्हाळ्याचा शब्द आणि २३ मे १८५६ हा मृत्युदिन इतकेच आहे. एवढ्या तीन गोष्टींवर पुढे ना. धों. महानोरांचे 'अजिंठा' हे दीर्घकाव्य (१९८४) आणि नितीन देसाई यांचा त्याच नावाचा चित्रपट (२०१२) उभा राहिला. कवीने कल्पनेने भरलेले तपशील इतिहास म्हणून उद्धृत करण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, तो टाळावा. शिळा जे सांगते ते थोडे आहे, पण अमोल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या डोंगराळ भागातील एका सामान्य स्त्रीला नावाचा व तारखेचा दगड मिळणे ही अत्यंत विरळ गोष्ट होती. तिला तो मिळाला तो तिच्यासाठी दुःख करणाऱ्या माणसाजवळ लिपी, पैसा व तशी रीत होती म्हणून. तिच्याच वयाच्या, त्याच वर्षी, त्याच गावात मेलेल्या इतर स्त्रियांच्या वाट्याला ते आले नाही.

जालन्याविषयी थोडक्यात सांगता येईल. २ सप्टेंबर १८०३ रोजी स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख गेला आणि हा भाग निजामाकडे आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या तैनाती फौजेचे हे एक प्रमुख ठाणे होते. १८१७ मध्ये याच फौजेचा सेनापती डव्हटन नागपूरकर भोसल्यांवर चालून गेला. छावणीच्या दफनभूमीत जे वाचावयाचे असते ते लढायांविषयी कमी व रोगराईविषयी अधिक असते. एकाच पंधरवड्याच्या तारखा ओळीने आल्या की पटकी आली असे समजावे. ही साथ १८१७ च्या अखेरीस बुंदेलखंडात हेस्टिंग्जच्या छावणीत भडकली व १८१८ मध्ये दख्खनेत उतरली. थडग्यांवरील वये मोजावीत. अर्भके व विशी-पंचविशीतल्या स्त्रिया यांचे प्रमाण पाहिले की छावणीतील जीवनाची कल्पना सैन्याच्या इतिहासग्रंथांपेक्षा अधिक नेमकी येते. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाल्यानंतर जालन्याचे लष्करी महत्त्व संपुष्टात आले, आणि थडग्यांची काळजी घेणारे लोकही निघून गेले.

निजामी राज्यातील थडगी व स्मारके यांवरील लेखांची, चरित्रात्मक टिपांसह, एक यादी ओ. एस. क्रॉफ्टन यांनी १९४१ मध्ये हैदराबादेस प्रसिद्ध केली. नंतरच्या काळात जे दगड फुटले किंवा चोरीस गेले त्यांच्या बाबतीत अशी यादी हाच एकमेव आधार ठरतो. परंतु अशा याद्यांचा रोख युरोपीय मृतांकडे असतो हे ध्यानात ठेवावे. जालन्याजवळच रे. नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल ही मराठी ख्रिस्ती वसाहत वसविली. तेथील मृतांची नावे मराठी होती आणि तीही ख्रिस्ती दफनभूमीतच गेली. त्यांची नोंद कोणी घ्यावयाची? दुसऱ्या बाजूस 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' या मालिकेने व हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने, विशेषतः गुलाम यजदानी यांनी, फारसी-अरबी लेखांचे मोठे काम केले; पण त्यांचेही लक्ष साहजिकच सुलतान, सरदार व संत यांच्याकडे होते. एका गावच्या कब्रस्तानातील कोष्ट्याची किंवा तांबोळ्याची कबर या तिन्ही प्रकारच्या याद्यांत कोठेच बसत नाही.

हसनाबादसारख्या गावी काम करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच या याद्यांचा नमुना जसाच्या तसा उचलू नये. 'लेख' हा रकाना पहिला ठेवला की ज्यांच्यावर लेख नाही त्या कबरी आपोआप गळतात. त्याऐवजी प्रथम गावातील दफनाच्या व दहनाच्या सर्व जागा नकाशावर दाखवाव्यात, मग त्या कोणत्या समाजाच्या, कोणत्या दिशेस, नदीच्या वर की खाली, हे टिपावे. त्यानंतर प्रत्येक जागेतील दगडांची केवळ मोजणी करावी: लेख असलेले किती, नसलेले किती, काळ्या पाषाणाचे किती, नुसत्या मातीच्या ढिगाऱ्यावर कडेने लावलेल्या दगडांचे किती. मारुतीच्या पाराजवळच्या व वेशीतल्या शिळा त्याच मोजणीत घ्याव्यात. लेख वाचण्याचे काम शेवटी. दिवाळीनंतर गवत वाळते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. दुपारी बाराला तीच अक्षरे सपाट होतात. खडू, तेल किंवा घासकाम यांचा उपयोग करू नये. ठसा घेण्यापूर्वी मुजावराची किंवा ज्या कुटुंबाची जागा असेल त्याची संमती घ्यावी. कबर खोदणारा माणूस गावात असतो, त्याच्याशी बोलावे; कोणत्या ओळीत कोणाचे पूर्वज आहेत हे त्याला बापाकडून कळलेले असते, आणि अक्षर नसलेल्या दगडांबाबत त्याचे सांगणे हाच एक लेख असतो. ते सांगणे, सांगणाऱ्याच्या शब्दांत, तारखेनिशी, मोजणीच्या त्याच पानावर लिहून ठेवावे.